हिंडलग्याचा उतार, परतीची चढण

निपाणीला रेल्वे नाही, आणि रविवारी पहाटे सहाच्या आत बेळगावात अर्धमॅरेथॉनसाठी बूट बांधून उभे राहायचे असेल तर त्याच दिवशीची कोणतीही बस उपयोगाची नाही. एवढी साधी गोष्टही पहिल्या खेपेस माझ्या ध्यानात आली नव्हती. पहाटेची पहिली बस पकडू, तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगी, वंटमुरी करत दोन तासांत पोहोचू, असा माझा हिशेब होता. शेवटी घरच्यांनीच विचारले की छातीवर लावायचा क्रमांक आदल्या संध्याकाळी मिळणार आहे, तो कोण आणून देणार. शनिवारी दुपारी निघालो आणि अनगोळला मावशीकडे मुक्काम केला. पुढच्या वर्षीही तोच क्रम ठेवला. हा वृत्तांत त्या लागोपाठच्या दोन वर्षांचा आहे. या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली, पण बेळगावात किंवा आसपासच्या गावांत अशा शर्यतीला उतरणाऱ्यांना त्यातून काही हाती लागावे, म्हणून सविस्तर लिहितो.

मुंबईची मोठी मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली, २०१२ पासून साताऱ्याला यवतेश्वरच्या घाटातली अर्धमॅरेथॉन होऊ लागली, आणि त्यानंतर चार-पाच वर्षांत हे वारे आमच्या सीमाभागातही शिरले. तोवर आमच्याकडे पहाटे पळणारा म्हणजे सैन्यभरतीचा मुलगा, हे ठरलेले होते. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्यामुळे गावोगावची पोरे कॅनव्हासच्या बुटांत, कधी अनवाणीही, १६०० मीटरचा सराव करत. साडेपाच मिनिटांच्या आत आले तर पूर्ण गुण, हा त्या काळचा मापदंड सगळ्यांना तोंडपाठ असे. आता त्याच रस्त्यांवर बँकेतले, शाळेतले, दवाखान्यातले चाळिशी-पन्नाशीचे लोक रंगीत बनियन घालून पळू लागले. टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपोचा झाडीचा परिसर आणि काँग्रेस रोड पहाटे गजबजू लागला. १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्यावरून या रस्त्याला हे नाव पडले. मी एका पतसंस्थेत खुर्चीवर बसून काम करणारा माणूस. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी या वाऱ्याला मीही लागलो.

शर्यत संक्रांतीनंतरच्या रविवारी होती. प्रारंभ क्लब रोडवरच्या सीपीएड मैदानावरून होता. तिथून कॅम्पातल्या जुन्या झाडांखालून हिंडलग्याकडे, मग वेंगुर्ला रस्त्याने सुळग्याच्या पुढे उचगाव फाट्याच्या दिशेने जायचे आणि आल्या वाटेने परतायचे, असा साधा मार्ग. याच रस्त्याने पुढे गेलात तर शिनोळीला महाराष्ट्र लागतो. एकूण अंतर २१.०९७५ किलोमीटर.

मार्गाचा नकाशा मी आधी पाहिला होता, पण नकाशात चढउतार दिसत नाहीत आणि मीही ते शोधले नाहीत. वास्तविक थोडा विचार केला असता तर कळले असते. बेळगावचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे, आणि हिंडलगा-सुळग्याचा पट्टा हा मार्कंडेय नदीच्या काठचा. नदी गावापेक्षा खालीच असणार, तेव्हा जाताना जे उतरलो ते येताना चढावे लागणार. उतारही असा की डोळ्यांना जाणवत नाही, फक्त पायांना जाणवतो, आणि तोही उलट्या बाजूने: आपण आज फार छान पळतो आहोत असे वाटू लागते. मला तसेच वाटले. सव्वादोन तासांत पूर्ण करायचे म्हणजे दर किलोमीटरला ६ मिनिटे २४ सेकंद, असे गणित मी मांडले होते. पण पहिली काही किलोमीटर ६ मिनिटे १० सेकंदांच्या गतीने गेली आणि मी स्वतःवर खूश होतो.

जानेवारीत बेळगावात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे पहिला पाऊण तास अंधारात किंवा झुंजुमुंजूत जातो. पहाटे हवेत चांगलाच गारठा असतो. उभे राहताना कुडकुडायला होते आणि दोन किलोमीटरनंतर अंगातले स्वेटर नकोसे होते. म्हणून टाकून देता येईल असा जुना शर्ट वरून घालून जावे. हिंडलग्याचा गणपती मागे पडला, कारागृहाची भिंत आली, आणि त्यापुढे घरे विरळ होत शेते उघडी झाली तेव्हा उजाडत होते. भात निघून गेलेले होते आणि त्याच वाफ्यांत मसूर आणि वाटाणा उभा होता. पानांवर दहिवर होते. बेळगावला गरिबांचे महाबळेश्वर का म्हणतात, हे ज्याला पाहायचे असेल त्याने जानेवारीतल्या पहाटे या रस्त्यावर यावे. पळायलाच पाहिजे असे नाही.

आमच्याबरोबर भरतीची तीस-चाळीस मुले होती. शिट्टी होताच ती अशी सुटली की आम्ही पन्नाशीकडे झुकलेले लोक जागच्या जागी उभे असल्यासारखे दिसलो. ती त्यांच्या सवयीप्रमाणे १६०० मीटर पळाली, आणि मग उरलेले साडेएकोणीस किलोमीटर काय करायचे हा प्रश्न त्यांच्यापुढे आला. परतीच्या वाटेवर चौदाव्या किलोमीटरच्या आसपास त्यांतली कितीतरी कमरेवर हात ठेवून चालत होती. एकाच्या कॅनव्हासच्या बुटाचा अंगठ्याजवळचा भाग फाटला होता आणि त्यातून रक्ताळलेला मोजा दिसत होता. मी त्याला थांब म्हणालो, तर म्हणाला, "नको काका, थांबलो की बसतो खाली." मला वाटते, त्या वेळी त्याची आणि माझी अवस्था सारखीच होती, फरक एवढाच की माझे बूट साडेचार हजारांचे होते.

वळणावर पोहोचलो तेव्हा ६५ मिनिटे झाली होती. परतीला ८६ लागली. या दोन आकड्यांत माझी सगळी शर्यत आली. सुळग्यापासून रस्ता हळूहळू वर येऊ लागतो, ऊन समोरून तोंडावर येते, कारण आता आपण पूर्वेकडे पळत असतो, आणि ज्या मांड्यांनी उतारावर धक्के खाल्लेले असतात त्याच मांड्यांवर चढण येते. उतारावर श्वास लागत नाही, म्हणून माणूस फसतो. पण प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार झेलत असतो, आणि त्याची झीज तासाभराने कळते. सतराव्या किलोमीटरला पाण्याचे टेबल होते. टेबलावर कागदी पेले होते, पाणी संपले होते. तिथल्या दोन मुली अगदी रडवेल्या झाल्या होत्या, आणि त्यांच्याजवळ जे होते ते त्या मोठ्या प्रेमाने देत होत्या: तिळगूळ. मी घेतला. पाण्याशिवाय तिळगुळाचा लाडू, तोही कोरड्या तोंडात, काय होतो हे सांगून समजणार नाही. पुढचा दीड किलोमीटर तो माझ्या दाढेत होता. शेवटी हिंडलग्यात एका घराच्या ओट्यावर सडा टाकणाऱ्या आजींकडे पाणी मागितले. त्यांनी तांब्या आणून दिला आणि म्हणाल्या, "सावकाश पी की रे बाळा, कोण लागलंय मागं?" मागे खरोखरच फार कोणी नव्हते. दोन तास एकतीस मिनिटांनी मैदानात पोहोचलो.

तेव्हा पहिला सल्ला हा की आयोजकांच्या पाण्यावर पूर्ण विसंबू नये. मोठ्या शहरांतल्या शर्यतींत दर दोन-अडीच किलोमीटरला पाणी असते. गावातल्या शर्यतीत ते कागदावर असते आणि पुढचे लोक दोन-दोन पेले डोक्यावर ओतून गेले की मागच्यांना उरत नाही. हातात मावेल अशी छोटी बाटली बाळगावी. मात्र भीतीपोटी लिटरच्या लिटर पाणीही पिऊ नये. मंद गतीने पळणारे लोक फार पाणी पितात आणि रक्तातले सोडियम पातळ होऊन भोवळ, मळमळ, क्वचित त्याहून गंभीर प्रकार होतो. तहानेप्रमाणे घोट-दोन घोट घ्यावेत. गूळ चांगला, पण तीळ नकोत: तेलाचा पदार्थ पळताना पोटात बसून राहतो. मी दुसऱ्या वर्षी गुळाचे सुपारीएवढे खडे आणि चिमूटभर मीठ पुडीत बांधून नेले होते.

दुसरा सल्ला आदल्या रात्रीच्या जेवणाचा. बेळगावात नातेवाईक असले की शनिवारच्या संध्याकाळी मटण टळत नाही. "उद्या पळायचं हाय नव्हं, मग खा की पोटभर," असे म्हणत मावशीने पहिल्या वर्षी ताट वाढले, आणि पहाटे चार वाजता त्याचे परिणाम मी भोगले. दुसऱ्या वर्षी मी तिला आधीच फोन करून आमटी-भात सांगितला. ती दोन दिवस नाराज होती. सकाळी पळण्याआधी दोन-अडीच तास थोडे काही खावे, केळे किंवा भाकरीचा तुकडा चालतो. कुंदा ही बेळगावची मिठाई, ती पदक मिळाल्यावर.

घड्याळाविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण शर्यत संपल्यावर मैदानात निम्मी भांडणे त्यावरच चालली होती. माझे घड्याळ २१.४ किलोमीटर दाखवत होते. काही जण अंतर चुकले म्हणून आयोजकांवर चिडले होते. रीतसर मोजणीत मोजणी-यंत्र बसवलेली सायकल रस्त्याच्या सर्वांत जवळच्या रेषेने चालवतात, आणि अंतर कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जास्तच धरतात. आपण मात्र वळणावर बाहेरून जातो, पाण्यासाठी रस्ता ओलांडतो, आणि कॅम्पातल्या दाट झाडांखाली उपग्रहाचा संकेतही डळमळतो. त्यामुळे तीन-चारशे मीटर जास्त दिसणे हे घड्याळाचे आणि आपले मिळून झालेले काम असते. उलट घड्याळ २०.५ दाखवू लागले तर मात्र शंका घ्यायला जागा आहे.

पुढच्या वर्षाची तयारी मी चौदा आठवडे केली. आठवड्यातून चार दिवस पळणे, त्यात रविवारचे लांब पळणे आठ किलोमीटरपासून वाढवत अठरापर्यंत नेणे, आणि एक दिवस तवंदी घाटाच्या पायथ्याकडे जाऊन चढण-उतरण. बाकीचे पळणे शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्या सावकाश. निपाणी-चिकोडी भागात हिवाळ्यात सराव करणाऱ्यांनी एक गोष्ट जिवाशी बांधून ठेवावी: नोव्हेंबरपासून उसाचा हंगाम असतो आणि पहाटे मागे दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्याने जात असतात. उजव्या बाजूने, समोरून येणारे वाहन दिसेल असे पळावे आणि अंगावर चमकणारी पट्टी असावी. नवे बूट शर्यतीच्या दिवशी घालू नयेत, किमान पन्नास किलोमीटर त्यांत पळून झालेले असावे. काखेत आणि मांड्यांत पेट्रोलियम जेली लावायला लाजू नये. आंघोळीच्या पहिल्या तांब्याला त्याचे महत्त्व कळते.

त्या वर्षी मी हिंडलग्याच्या उतारावर मुद्दाम मागे राहिलो. ओळखीचे लोक पुढे जात होते, एकाने तर "काय हो, आज तब्येत बरी नाही का?" असेही विचारले. वळण ७० मिनिटांनी आले, आणि परतीला ७१ लागली. दोन तास एकवीस मिनिटे. सव्वादोन तास दोन्ही वर्षी हुकले.

मुक्कामाविषयी: नातेवाईक नसतील त्यांनी मध्यवर्ती बसस्थानक किंवा रेल्वे स्थानकाच्या परिसरात लॉज पाहावा. पहाटे रिक्षा मिळते, पण भाडे बसण्याआधी ठरवावे. डिसेंबरात शर्यत असेल तर आधी कर्नाटक विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या तारखा पाहाव्यात, कारण हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरले की शहरातल्या खोल्या अधिकारी आणि पोलिसांनी भरून जातात. १ नोव्हेंबरच्या आगेमागे तर बेत करूच नये. एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडे आपला, सीमाभागातल्या मराठी माणसांचा, काळा दिवस, रस्ते केव्हा बंद होतील याचा नेम नसतो. कोल्हापूर-पुण्याकडून येणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की सीमाप्रश्नाचे वातावरण तापले की एसटी कोगनोळीच्या पुढे येत नाही. रेल्वेने मिरजमार्गे आलेले बरे. इथल्या बसगाड्यांवरच्या पाट्या कन्नडमध्ये असतात, पण वाहकाला मराठीत विचारले तर बहुतेक वेळा उत्तर मराठीतच मिळते.

परतीच्या बसमध्ये चढताना पायरीवर माझा गुडघा वाकेना. वाहकाने गळ्यातले पदक पाहून विचारले, "कितवा नंबर आला सर?" चारशेच्या पुढे कुठेतरी, असे मी सांगितले. त्याने क्षणभर पदकाकडे, मग माझ्याकडे पाहिले, आणि दाराजवळच्या सीटवरची स्वतःची पिशवी उचलून म्हणाला, "इथं बसा, पाय लांब करता येतील."