टेबलावरचं मिरज

नव्या लॅपटॉपला दोनच भोकं आहेत हे मला तो घरी आणल्यावर कळलं. दुकानात मी कीबोर्डवर बोटं नाचवून पाहिली, पडदा निरखला, वजन हातात तोललं. कडा काही पाहिल्या नाहीत. स्थळ बघायला जाऊन पगार, घराणं, शिक्षण सगळं विचारावं आणि घरात नळाला पाणी किती वाजता येतं तेवढंच विचारायचं राहावं, त्यातली गत.

जुना लॅपटॉप पाट्यासारखा जड होता, पण त्याच्या दोन्ही कडांना सगळी बिऱ्हाडं होती. तीन यूएसबी, प्रोजेक्टरचं निळं व्हीजीए, इंटरनेटच्या जाड वायरीचं चौकोनी घर, कॅमेऱ्याच्या कार्डाची खाच, आणि शेवटच्या वर्षात स्वतःहून बाहेर येऊन जीभ दाखवणारा सीडीचा ट्रे. नवा मात्र वहीएवढा. हेडफोनचं गोल भोक सोडलं तर डाव्या कडेला शेजारी शेजारी दोन बारीक लांबट खाचा, अगदी जुळ्या. त्यांतली एक चार्जरनं अडवली की उरली एक. आणि मी भाषांतरं करणारी बाई. माझ्या टेबलावर मोठा मॉनिटर आहे, टकटक वाजणारा कीबोर्ड आहे, बिनवायरीच्या माऊसचं बोलणं ऐकणारा डोंगल आहे, बॅकअपची हार्ड डिस्क आहे, शिवाय प्रकाशकांकडून येणारे पेन ड्राइव्ह.

“आई, हब घे एक, एका खाचेला पुष्कळ भोकं जोडून देणारं,” मुलगा फोनमधून मान वर न काढता म्हणाला.

हब या शब्दाशी माझं जुनं वैर आहे. ‘पुणे हे आयटीचं हब’ असलं काही समोर आलं की केंद्र, आगर, माहेरघर असं काहीबाही लिहून मी सुटका करून घेत आले आहे. खरं म्हणजे हब हा बैलगाडीच्या चाकाचा तुंबा. सगळे आरे ज्यात येऊन बसतात तो मधला लाकडी गड्डा. पण ‘पुणे हा आयटीचा तुंबा’ असं लिहिलं तर लोकांना वाटायचं, पावसात काहीतरी तुंबलं. तेव्हा हब तर हब.

पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेले. पानाच्या ठेल्याएवढं दुकान, छतापासून माळा लोंबाव्यात तशा वायरी. “काकू, फाइव्ह इन वन देऊ, एट इन वन देऊ, का इलेव्हन इन वन?” ‘काकू’ मी गिळलं. अकरा पदार्थांची थाळी समोर असताना झुणका-भाकर मागायला जो संयम लागतो तो मात्र माझ्यात नाही. अकरावालंच घेतलं. त्यात निळं व्हीजीएसुद्धा होतं. जुनं माणूस गर्दीत भेटल्यासारखं वाटलं.

घरी आल्यावर पहिली गंमत. हब लावलं, मॉनिटर त्याला जोडला, मॉनिटर काळा तो काळाच. तासभर वायरी काढल्या-घातल्या. शेवटी मुलगा उठला, लॅपटॉप उचलून खिडकीपाशी नेला आणि दोन जुळ्या खाचांकडे डोळे बारीक करून बघितलं. “या खाचेत चित्र नाहीच. शेजारच्या खाचेवर बघ, डीच्या पोटात पी काढलाय. डिस्प्ले तिथून निघतो.” मुंगीएवढी खूण. मी चष्मा लावून बघितली, मग भिंग घेऊन बघितली, आणि मान्य केली.

चित्र आलं, पण माऊस हलवला की पडद्यावरचा बाण मागून फरफटत येऊ लागला. लॅपटॉप उजव्या कोपऱ्यात ‘तुमचा चार्जर मंद आहे’ असं सांगू लागला. हबच्या खोक्यावर तर ठळक १०० वॅट लिहिलेलं! मुलानं समजावलं की ती हबची पेलण्याची ताकद, देण्याची नव्हे. आपला चार्जर ६५ वॅटचा. त्यातले दहा-पंधरा हब स्वतःच्या आणि आपल्या लटकवलेल्या लेकरांच्या पोटासाठी राखून ठेवतं, उरलेले लॅपटॉपला. मधल्या माणसाचा वाटा म्हणायचा. चार्जर काढला-घातला की क्षणभर हबची सगळी मांडामांड नव्यानं होई, आणि लिहिणं चालू असलेली हार्ड डिस्क ‘मला न विचारता काढलं’ म्हणून रुसे.

पण खरा छळ माऊसचा. दर शुक्रवारी संध्याकाळी तो बिघडायचा. बाण मध्येच थांबे, मग उडी मारून भलतीकडेच जाई. सेल बदलले, माऊसखालचा कागद बदलला, माऊसही बदलायच्या बेतात होते. शुक्रवारीच का, हे कळायला तीन शुक्रवार गेले. शुक्रवारी मी बॅकअप घेते. वेगवान यूएसबीतून हार्ड डिस्कचा मजकूर धावतो तेव्हा त्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो, आणि बिनवायरीच्या माऊसचा डोंगल नेमका त्याच पट्ट्यात बोलत असतो. इंटेलनं २०१२मध्येच यावर एक टिपण काढलं होतं. म्हणजे माऊस धडधाकट होता. शेजारच्या बिऱ्हाडात भांडण चाललं की याला ऐकू येईनासं होई इतकंच. डोंगल हातभर एक्स्टेंशन वायरीनं लांब नेऊन कुंडीमागे ठेवला आणि भांडण मिटलं.

हे सगळं चालू असताना मला राहून राहून मिरज आठवत होतं.

माझं माहेर मिरज. माझे वडील, अण्णा, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. माझ्या लहानपणी, ऐंशीच्या दशकात, मिरज जंक्शनवर तीन रुंदीचे रूळ होते. पुण्या-कोल्हापूरकडचा ब्रॉडगेज, साडेपाच फुटी. बेळगाव-लोंढ्याकडचा मीटरगेज. आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारा, जुन्या बार्शी लाइट रेल्वेचा नॅरोगेज, अडीच फुटी, ज्याच्यावरची गाडी आम्हा पोरांना खेळण्यातली वाटायची. एका रुळावरची गाडी दुसऱ्यावर चढणं शक्यच नाही. म्हणून मिरजेला सगळं उतरायचं. गुळाच्या ढेपा, हळदीची पोती, लग्नाचं वऱ्हाड, आषाढीचे वारकरी, सगळे एका गाडीतून दुसऱ्या गाडीत. अण्णा त्याला रुबाबात ‘ट्रान्सशिपमेंट’ म्हणायचे. एखादी ढेप या अदलाबदलीत फुटली की गूळ कुणाच्या नावावर लिहायचा, यावर त्यांची अर्धी नोकरी गेली.

माझं अकरा भोकांचं हब म्हणजे टेबलावरचं मिरज होतं. इकडून व्हीजीए येतंय, तिकडून मॉनिटरचं एचडीएमआय, मधे जुनी यूएसबी, आणि हमालासारखी ती एकच वीतभर वायर सगळ्यांचं ओझं लॅपटॉपात नेऊन टाकतेय.

पुढे १९९२मध्ये रेल्वेनं सगळे रूळ एकाच रुंदीचे करायचं ठरवलं. नॅरोगेजची पाळी बऱ्याच उशिरा आली. पंढरपूरची लाइन ब्रॉड झाली तेव्हा गावाला वाटलं, आता तासाभरात विठोबा. अण्णा निवृत्त होऊन घरी बसलेले, तरी नवी गाडी बघायला फलाटावर गेले आणि परत येऊन म्हणाले, “रूळ रुंद झालेत गं. पण लाइन एकेरी, इंजिन डिझेलचं. क्रॉसिंगला थांबायचं ते थांबायचंच.”

सी टाइपचं, म्हणजे लॅपटॉपच्या त्या जुळ्या लांबट खाचांचं, अगदी हेच आहे. २०१४मध्ये हा आकार ठरला, आत २४ पिना, उलटी-सुलटी कशीही घाला. त्याआधीची चपटी यूएसबी १९९६ची. ती घडवणाऱ्यांतले इंटेलमधले अजय भट्ट बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. बडोद्याचं नाव आलं की मराठी माणसाला उगाच भाचा भेटल्यासारखं होतं. दोन्हीकडून लागेल अशी पिन केली असती तर तारा आणि खर्च दुप्पट झाला असता, असं त्यांनी नंतर सांगितलं आहे. भाच्याचा हिशोब चोख. अंधारात टेबलाखाली वाकून पिन फिरवत बसणं आपल्या वाट्याला. आता युरोपनं तर २०२४ अखेरपासून फोनला सी टाइपच हवं असा कायदाच केला. एक देश, एक रूळ.

फक्त त्या रुळावरून काय धावतं ते बाहेरून दिसत नाही. एका सी टाइपातून २००० सालच्या वेगानं, सेकंदाला ४८० मेगाबिट, मजकूर जातो आणि चित्र जातच नाही. तशाच दिसणाऱ्या दुसऱ्यातून ४० गिगाबिट जातात. माझा बाण फरफटायचा त्याचंही कारण असंच निघालं. या खाचेत वेगवान वाहतुकीच्या चार मार्गिका असतात. हबला चित्रही न्यायचं आणि हार्ड डिस्कही पळवायची, म्हणून ते दोन चित्राला देतं, दोन मजकुराला. जुन्या धाटणीच्या हबात, माझं अकरावालं त्यातलंच, त्या दोन मार्गिकांवरून फोर-के म्हणजे अगदी बारीक ठिपक्यांचं चित्र सेकंदाला ३० वेळाच जातं. नव्यात, लॅपटॉपही त्या तोलाचा असेल तर, तेवढ्याच मार्गिकांवरून ६० वेळा, म्हणजे ६० हर्ट्झनं. दोन्हींच्या खोक्यांवर मोठ्ठ्या अक्षरात ‘फोर-के’. ३० का ६०, ते मागच्या बाजूला, औषधाच्या बाटलीवर एक्स्पायरी छापतात त्या टायपात.

मग मी एक पोक्त उद्योग केला. फ्रिजवर कागद चिकटवला आणि पंधरा दिवस जे जे लॅपटॉपला जोडलं त्यापुढे रेघ मारली. मॉनिटर रोज. कीबोर्ड रोज. चार्जर रोज. डोंगल रोज. हार्ड डिस्क दोनदा. पेन ड्राइव्ह तीनदा, त्यातला एक रिकामा निघाला. कार्डाची खाच शून्य, इंटरनेटची वायर शून्य. व्हीजीएपुढे मी पेन घेऊन उगाच थोडा वेळ उभी राहिले.

पुन्हा तपकीर गल्ली. “फाइव्ह इन वन. एचडीएमआय एकच, पण ६० हर्ट्झ. तीन यूएसबी आणि चार्जिंग. आणि लॅपटॉपला थेट चिकटणारं नको, वायरीचं हवं.” त्या चिकटणाऱ्या हबांची मला भीती वाटते, खाचेवर सगळा भार, जरा धक्का लागला की हब वाचेल, लॅपटॉपचा जबडा निखळेल. दुकानदारानं किंमत सांगितली. अकरावाल्याच्या दुप्पट. मी पैसे काढले तेव्हा तो म्हणाला, “काकू, कमी भोकांना जास्त पैसे देणारं गिऱ्हाईक तुम्ही पहिलंच.” काकू या वेळी तितकं लागलं नाही. सोबत ९० वॅटचा चार्जरही घेतला, तेव्हा तर त्यानं खुर्ची पुसून दिली.

हब चांगलं निघालं. थोडं तापतं, पण धातूचं अंग म्हणजे तापणारच. थंडीत मी त्यावर बोटं शेकते.

डिसेंबरात मिरजेच्या एका वाचनालयात भाषांतरावर बोलायला गेले. अण्णा पहिल्या रांगेत, मफलर बांधून. मी लॅपटॉप उघडला, हब लावलं, आणि प्रोजेक्टरची वायर मागितली. ग्रंथपालांनी आणून दिली ती जाड, काळी, टोकाला निळी पिन आणि दोन्ही बाजूंना फिरवायचे स्क्रू. सभागृह शांत. अकरावालं हब पुण्यात, कपाटात, जुन्या चार्जरांच्या गुंत्याखाली.

ग्रंथपाल आत गेले. टेबलाचे ड्रॉवर उघडल्याचे आवाज आले, एक, दोन, तीन. मग ते रबरबँड गुंडाळलेलं एक पांढरं डबडं घेऊन आले. एका तोंडाला एचडीएमआय, दुसऱ्याला व्हीजीए. लॅपटॉपातून हब, हबातून डबडं, डबड्यातून वायर, वायरीतून छताला टांगलेला प्रोजेक्टर. अण्णांनी मान पुढे काढून सगळी मांडणी बघितली.

“ट्रान्सशिपमेंट?” त्यांनी मोठ्यानं विचारलं. त्यांना अलीकडे कमी ऐकू येतं.

पडद्यावर चित्र आलं, पण पिवळंधमक. निळ्याची पिन सैल होती. ग्रंथपालांनी जोड चिमटीत धरला की रंग यायचे, सोडला की सगळं हळदीत बुडायचं. म्हणून ते खाली बसून धरूनच राहिले. वीसेक मिनिटांनी त्यांचा हात अवघडला आणि माझा कागद पुन्हा पिवळा झाला, तेव्हा अण्णा उठले, त्यांना बाजूला व्हायला सांगितलं, खुर्ची ओढली आणि व्याख्यान संपेपर्यंत तो जोड दोन्ही हातांनी धरून बसले.