एकोणिसाव्या आवर्तनाला

गेमसाठी संगीत करायचं ठरवलं तेव्हा माझ्याकडे तीन गोष्टी होत्या: एक जुना मिडी कीबोर्ड, बरे हेडफोन आणि 'चाल तर मला पटकन सुचते' हा आत्मविश्वास. पहिल्या दोन अजून आहेत.

सुरुवात बहुतेक जण करतात तशीच केली, म्हणजे उलट्या टोकाने. संगणकावर संगीत रचायचं सॉफ्टवेअर, ज्याला सगळे डीएडब्ल्यू म्हणतात, ते कोणतं घ्यावं यात महिना घालवला. एफएल स्टुडिओ, एबलटन, लॉजिक, रीपर. प्रत्येकाचे भक्त वेगळे आणि भांडणं तीच. शेवटी रीपर घेतलं, कारण ते ६० दिवस कुठलीही अडवणूक न करता वापरून बघता येतं आणि निर्णय पुढे ढकलणं मला मनापासून आवडतं. आता वाटतं, कुठलंही चाललं असतं. त्या महिन्यात एक तुकडा जरी पूर्ण केला असता तरी जास्त शिकले असते.

मग नमुन्याचं संगीत तयार केलं. सात मिनिटांचं. ढोल, व्हायोलिनचा ताफा, समूहगान, शेवटी सगळं एकदम. ते बऱ्याच गेम स्टुडिओंना पाठवलं. उत्तर एकाच ठिकाणाहून आलं, तेही दोन ओळींचं: छान आहे, पण हे गेममध्ये कसं वाजेल?

मला प्रश्नच कळला नाही. कसं वाजेल म्हणजे? लावलं की वाजेल.

प्रश्न कळायला गेम जॅममध्ये उतरावं लागलं. गेम जॅम म्हणजे ठरावीक वेळात, बहुतेकदा ४८ तासांत, एक छोटा गेम उभा करायचा. 'लुडम डेअर' २००२ पासून चालू आहे, 'ग्लोबल गेम जॅम' २००९ पासून, आणि छोट्या जॅम तर वर्षभर कुठे ना कुठे सुरूच असतात. तिथे प्रोग्रामर भरपूर, चित्रकार बरे, आणि संगीतवाल्यांना हात वर केला की कुणीतरी ओढून नेतं. अनुभव विचारत नाहीत. नवख्याला याहून सोपं दार मला माहीत नाही.

आम्ही तिघं होतो. गुहेत अडकलेल्या मुलीचा गेम. दगड सरकवायचे, पाणी वळवायचं, बाहेर पडायचं. मी १०० बीपीएमची, म्हणजे मिनिटाला १०० मात्रांची लय धरली, चार मात्रांचा बार, असे १६ बार. म्हणजे बरोबर ३८.४ सेकंद. संध्याकाळपर्यंत तुकडा तयार. खाली सिंथचा खर्ज, वर थोडे तुटक सूर आणि नवव्या बारमध्ये बासरीची एक लकेर. ती लकेर ऐकून दोघेही खूश झाले. मीही झाले.

रात्री अकराला प्रोग्रामरचा निरोप आला, "अगं, बाकी मस्त आहे, पण दर थोड्या वेळाने टक् असा आवाज येतोय."

माझ्याकडे येत नव्हता. येणार कसा, मी तुकडा एकदाच ऐकत होते. गेममध्ये तो संपला की पुन्हा पहिल्यापासून वाजत होता आणि नेमक्या सांध्यावर टक्. फाइल मोठी करून पाहिली. शेवटच्या क्षणी खर्जाची लहर वर चढलेली होती आणि तिथेच कापली गेली होती. सुरुवात मात्र शून्यावरून. वरून एकदम शून्यावर उडी पडली की स्पीकर टक् करतोच. काप लहर शून्य ओलांडते तिथे घ्यायचा किंवा टोकांना काही मिलिसेकंदांचा उतार द्यायचा. दिला. टक् गेलं.

आणि त्याच्यामागे लपलेलं दुसरं दुखणं वर आलं. आता आवाज नव्हता, पण लय अडखळत होती. अंधारात जिना उतरताना एक पायरी जास्त निघावी तसं. आवर्तन पूर्ण व्हायचं आणि सम किंचित उशिरा पडायची. ज्याने कधी ठेका धरलाय त्याला हे ताबडतोब टोचतं. तासभर मी माझ्याच वाजवण्याला दोष देत होते. दोष फाइलच्या प्रकाराचा निघाला. संगणक आवाज सॅम्पलमध्ये, म्हणजे लहरीच्या एकेका क्षणाच्या मोजमापांत साठवतो आणि एमपी३ बनवताना तो १,१५२ सॅम्पलच्या ठरावीक तुकड्यांत बसवला जातो. सुरुवातीला थोडी रिकामी जागा पडते आणि शेवटचा तुकडा पुरा भरला नाही तर तिथे शांतता भरली जाते. गाणं ऐकताना कुणाला पत्ताही लागत नाही, लूपमध्ये, म्हणजे तोच तुकडा फिरून फिरून वाजताना, तीच फट दर फेरीला येते. ऑग किंवा वेव्ह फाइल दिली की प्रश्न मिटतो. मग मी आकडेमोडच केली: ३८.४ सेकंद, दर सेकंदाला ४४,१०० सॅम्पल, म्हणजे १६,९३,४४०. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. फाइल बरोबर तेवढी निघाली तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते.

तरी शेवटच्या सुराची घुमक मध्येच तुटत होती. त्यावरची युक्ती पुढच्या जॅममध्ये एकाने सांगितली: तुकडा दोनदा लागोपाठ वाजवून रेकॉर्ड करायचा आणि दुसरी फेरी कापून घ्यायची. पहिल्या फेरीची घुमक दुसऱ्या फेरीच्या तोंडाशी आपोआप येऊन बसते. इतकं साधं की आधी न सुचल्याचा राग यावा.

पण खरा धडा गेम जमा केल्यावर मिळाला. पूर्ण अनोळखी माणूस आमचा गेम खेळत होता आणि त्याच्या स्क्रीनवर आम्ही तिघं डोळे लावून बसलो होतो. तिसऱ्या दालनात तो अडकला. दगड डावीकडे, दगड उजवीकडे, पुन्हा डावीकडे. माझं संगीत फिरतंय. पाच मिनिटं झाली. नवव्या बारची बासरी आली, गेली, पुन्हा आली. आठ मिनिटं. आता ती यायच्या आधीच माझे खांदे आखडायला लागले होते. बाराव्या मिनिटाला, म्हणजे माझ्या हिशेबाने एकोणिसाव्या आवर्तनाला, त्याने काही न बोलता सेटिंग्ज उघडल्या, 'संगीत' लिहिलेली पट्टी शून्यावर ओढली आणि एक लांब सुस्कारा टाकला. पुढच्या मिनिटात कोडं सोडवलं.

त्या सुस्काऱ्याने मला जे शिकवलं ते कुठल्या शिकवणीच्या व्हिडिओत तोवर दिसलं नव्हतं. मैफिलीत किंवा चित्रपटात वेळ रचणाऱ्याच्या हातात असते. अमुक सेकंदाला दार उघडणार, तिथे सूर चढवा. गेममध्ये दार कधी उघडेल ते खेळणारा ठरवतो. वीस सेकंदांत उघडेल, वीस मिनिटांत उघडेल, कदाचित तो दार सोडून चहूकडे उड्या मारत बसेल. आणि जी लकेर पहिल्यांदा लक्ष वेधते तीच दहाव्यांदा कान कुरतडते. स्टुडिओवाल्यांचा प्रश्न इतक्या महिन्यांनी माझ्या डोक्यात उतरला.

मग मागे जाऊन जुने गेम ऐकायला घेतले, या वेळी कानांनी कमी आणि घड्याळाने जास्त. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये फक्त चार खर्जाचे सूर आहेत, उतरत्या क्रमाने, अखंड. शत्रू कमी होत जातात तशी त्यांची लय वाढते. चाल नावाला नाही आणि तरी घाम फुटतो. १९९१ मध्ये लुकासआर्ट्स या गेम कंपनीच्या मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांची 'आयम्यूझ' ही व्यवस्था 'मंकी आयलंड २'मध्ये वापरली गेली. पात्र एका जागेतून दुसरीकडे गेलं की सुरावट न तुटता सोयीच्या बारवर वळण घेते. आणि २०१० च्या 'रेड डेड रिडेम्प्शन'चं बरंचसं संगीत एकाच लयीत, १३० बीपीएमला, आणि ए मायनर या एकाच स्वरपट्टीत बांधलंय, म्हणजे कुठलाही थर कुठल्याही थरावर ठेवला तरी भांडण नको. हे वाचून मी माझी सात मिनिटांची ढोलबाजी हार्ड डिस्कच्या तळाशी नेऊन ठेवली.

गुहेचं संगीत मी पुन्हा केलं. बासरी मूळ लूपमधून काढली आणि वेगळी ठेवली. कोडं सुटलं की एकदाच वाजायची. अशा छोट्या एकदाच्या तुकड्याला या धंद्यात स्टिंगर म्हणतात. उरलेल्याचे दोन थर केले, एक १६ बारचा आणि दुसरा मुद्दाम १५ बारचा. लय एकच, पण लांबी वेगळी, त्यामुळे दोघांची गाठ पुन्हा तशीच पडायला २४० बार लागतात, म्हणजे साडेनऊ मिनिटांहून थोडं जास्त. दुसऱ्या थरात सूर मोजकेच घेतले, कशावरही आले तरी खटकणार नाहीत असे. नाहीतर सातव्या मिनिटाला अशी काही स्वरसंगती ऐकू येते की ती आपणच केली यावर विश्वास बसत नाही. पहिल्या प्रयत्नात मला ती ऐकू आली आहे.

थर वर-खाली करायला एफमॉड शिकले. वाइज हेही तसंच सॉफ्टवेअर आहे. ठरावीक मर्यादेपर्यंतच्या छोट्या प्रकल्पांना दोन्ही मोफत वापरता येतात. कल्पना अशी की प्रोग्रामर फक्त एक आकडा पाठवतो. आम्ही त्याला 'धोका' नाव दिलं होतं, शून्य ते शंभर. वीसच्या खाली नुसता खर्ज, चाळीसला तालवाद्य हळूच आत, ऐंशीला सगळं. कुठल्या आकड्याला काय ऐकू येईल आणि बदल पुढच्या मात्रेवर व्हावा की पुढच्या बारवर, हे मी ठरवते. मात्रेवर केला तर तातडी वाटते, बारवर केला तर नैसर्गिक वाटतो, पण तोवर राक्षस मरूनही जातो! यात अजूनही माझे अंदाज चुकतात.

आवाजाच्या जागेचंही तसंच. माझे तुकडे एकटे ऐकले की भरदार वाटायचे, गेममध्ये घातले की मुलीच्या पावलांचा आणि पाण्याचा आवाज गिळून टाकायचे. गाण्याच्या जगात सगळे मोठ्या आवाजामागे धावतात. इथे उलटं. घरगुती कन्सोलसाठी सोनीची शिफारस सरासरी उणे २४ एलयूएफएसच्या (कानाला आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) आसपासची आहे आणि तीही संगीत, संवाद, धडामधूम सगळं मिळून. म्हणजे संगीताने त्याहून खालीच बसायचं. मी आता तुकडा पूर्ण झाल्यावर त्यावर पावलांचे आणि बोलण्याचे आवाज टाकून ऐकते. जे झाकतं ते कापते. बरेचदा तोच माझा आवडता भाग असतो.

पैशांबद्दल थोडंच, कारण थोडेच मिळाले. तिसऱ्या जॅमनंतर एका गटाने मोठ्या गेमसाठी बोलावलं. विक्रीतला वाटा द्यायचं ठरलं, तोंडी. सहा महिन्यांत २२ तुकडे दिले. मग निरोप विरळ झाले, मग थांबले, आणि गेम आलाच नाही. पैसे बुडाले याचं फार वाटलं नाही. पण ते तुकडे कुणाचे हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी ते दुसरीकडे वापरायलाही धजत नाही. तेव्हापासून दोन पानी करार केल्याशिवाय कीबोर्डला हात लावत नाही: पूर्ण झालेल्या संगीताचा दर मिनिटाला भाव किती, दुरुस्त्या किती वेळा, हक्क विकतेय की वापराची परवानगी देतेय, साउंडट्रॅक वेगळा काढायचा हक्क कुणाचा, श्रेयनामावलीत नाव कसं, आणि गेम अर्ध्यात थांबला तर काय. निम्मे पैसे आधी. हे बोलायला पहिल्यांदा जीभ जड झाली होती. समोरच्याने 'बरं' म्हणून सही करून टाकली.

करारासोबत एक तक्ताही जातो. प्रत्येक ओळीत एक तुकडा: नाव, कुठे वाजतो, लांबी, लूप की एकदाच, कशाने सुरू होतो. फाइलचं नाव त्यातलंच. पूर्वी माझ्या फाइलींची नावं 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल खरंच' अशी असायची आणि एकदा गेममध्ये 'फायनल नवीन' जाऊन बसली, ज्यात मी ताल मोजताना पुटपुटलेलं ऐकू येतं. ते काढायला लावेपर्यंत बऱ्याच जणांनी ऐकलं.

सध्या ज्या गेमवर काम चाललंय त्याच्या तक्त्यात ३१ ओळी आहेत. सतरावी ओळ एका लांबलचक कोड्याच्या दालनाची. तिथे मी लिहिलंय: पहिली दोन मिनिटं संगीत नाही, फक्त थेंबांचा आवाज. मागच्या आठवड्यात प्रोग्रामरचा निरोप आला.

"सतरा नंबरची फाइल यायची राहिलीय."

"राहिली नाही. ती तशीच आहे."

"म्हणजे काहीच वाजणार नाही?"

"दोन मिनिटं नाही."

बराच वेळ नुसती 'टाइप करत आहे'ची तीन टिंबं हलत राहिली. मग विचारलं, "आणि या दोन मिनिटांचा भाव कसा लावणार आहेस?"