आकडा उतरला, नजर तिथेच

बाबांच्या ओसीटीचे, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या स्कॅनचे, आकडे मी वहीत लिहून ठेवते. जूनमध्ये उजव्या डोळ्याच्या पडद्याची मधली जाडी ४१२ मायक्रॉन होती. सूज उतरवायला डोळ्यात तीन इंजेक्शनं झाली, परवा २६८ आली. अडीचशे-पावणेतीनशे म्हणजे जवळपास नॉर्मलच, मशीनगणिक थोडा फरक पडतो. मला बसल्या जागी रडू आलं.

मग सिस्टरनी बाबांचा डावा डोळा झाकून त्यांना तक्त्यासमोर बसवलं. बाबा 'ग'वर अडकले. ६/२४. म्हणजे चांगल्या नजरेला चोवीस मीटरवरून दिसतं ते बाबांना सहा मीटरवरून. सूज होती तेव्हाही ६/२४च होतं.

डाव्याचं नेमकं उलट. जाडी ३४०, तरी ६/९ची ओळ घडाघडा वाचली.

डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. पडद्याचा आडवा छेद, घडीच्या पोळीसारखे पदर. जूनच्या फोटोत त्या पदरांमध्ये काळ्या पोकळ्या होत्या. साखरेनं कमकुवत झालेल्या बारीक रक्तवाहिन्यांतून झिरपलेलं पाणी ते. आता ते ओसरलंय. पण तळाशी प्रकाश टिपणाऱ्या पेशींची एक पांढरी रेघ असते, ती उजव्या डोळ्यात मधोमध तुटलेली दिसली. डाव्यात अखंड आहे. सूज फार दिवस मुरली की ही रेघ विस्कटते, आणि पाणी गेलं तरी ती जुळेलच असं नाही. अमेरिकेतल्या डीआरसीआर नेटवर्क या डायबेटिसच्या डोळ्यांवर संशोधन करणाऱ्या गटानं २००७ मध्ये हेच मोजून मांडलं होतं: जाडीचा नजरेशी संबंध आहे, पण मध्यमच. सारख्याच जाडीच्या दोन डोळ्यांना दिसण्यात खूप फरक असू शकतो.

बाबांना डायबेटिस होऊन पंधरा वर्षं झाली. 'चष्म्याचा नंबर बदलला असेल' म्हणत आम्ही दीड वर्ष घालवलं. थेंब टाकून पडदा एकदाही तपासून घेतला नाही. ते दीड वर्ष मला फार लागतं.

आता रोज सकाळी बाबा वाचायचा चष्मा लावून, एकेक डोळा झाकून कालनिर्णयच्या चौकटी बघतात. उजव्यानं रेघा मध्येच आत ओढल्यासारख्या दिसतात, ते ठरलेलंच. डाव्यानं सरळ दिसायच्या.

काल म्हणाले, "अगं, एकादशीच्या चौकटीपाशी रेघ जरा लचकलीय."

पुढची तारीख २२ होती. मी लगेच फोन करून उद्याची घेतली.