कोटुलाच्या काटेरी रानात कमरेला काय असावं?

टेक्ससमध्ये रानडुकरांच्या शिकारीला कुठली रायफल न्यावी यावर फारसं कुणी भांडत नाही. काडतूस .३०८ असो नाहीतर ६.५ क्रीडमूर, नेम धरता येत असला की झालं. खरी जुंपते ती दुसऱ्या हत्यारावरून. डुक्कर जखमी होऊन झुडपात घुसलं आणि मागे जाणं भाग पडलं, तर हातात काय हवं? ह्यूस्टनहून शिकारीसाठी दक्षिण टेक्ससमधल्या कोटुलाला निघालो तेव्हा सॅन अँटोनियो येईपर्यंत मी आणि मेहुणा एवढाच विषय चघळत होतो. दोनशे मैलांचा सरळसोट रस्ता, चघळायला वेळच वेळ.

मेहुण्याचं मत घरून निघतानाच ठरलेलं. "भावोजी, दहा मिलिमीटरचं पिस्तूल. ग्लॉक ट्वेंटी. पंधरा गोळ्या. विषय संपला." तो एच-वन-बी व्हिसावर आहे, त्यामुळे त्याचा विषय खरं तर त्याच्याही आधी सुरू होतो. अशा व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेत बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. यातून सुटायची नेहमीची वाट म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना. आता टेक्ससची तऱ्हा बघा. खासगी जमिनीवर, मालकाच्या संमतीने रानडुक्कर मारायला २०१९ पासून इथे परवानाच लागत नाही. म्हणजे डुकरासाठी नको, पण बंदूक हातात धरण्यासाठी मेहुण्याला हवा. त्याने ऑनलाइन हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, परवाना काढला आणि त्याची प्रिंट पाकिटात घालूनच आला. इथे आलेल्या आपल्या मुलांनी हे नीट ध्यानात ठेवावं. मित्राच्या आग्रहाखातर नेमबाजीच्या रेंजवर "दोन राउंड मारून बघ" म्हणतात ना, तिथेही हाच नियम लागतो.

सॅन अँटोनियोत मुद्दाम एका रेंजवर थांबलो. भाड्याने हवी ती हत्यारं मिळत होती, मग कागदावरचे आकडे कशाला? नऊ मिलिमीटर आम्ही लगेच बाजूला ठेवलं. माणसासाठी ते ठीक, पण खांद्यावर जाड, चिवट कातडीची ढाल घेऊन फिरणाऱ्या नरासाठी भरवसा वाटत नाही. मग .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर, स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ६२९. हे काडतूस १९५५ सालचं, गोळी साधारण साडेपंधरा ग्रॅमची, ताकदीबद्दल बोलायलाच नको. पण चार इंची नळीतून पहिला बार काढला आणि नळी छताकडे गेली. ती खाली येऊन पुन्हा नेम लागेपर्यंत डुक्कर मांडीशी पोचलेलं असेल. सुळे खालून वर मारायची त्याची रीत, जखम गुडघ्यापासून मांडीपर्यंत कुठेही होऊ शकते. ज्याचा दुसरा बार वेळेत निघत नाही ते हत्यार मला जवळच्या कामाला नको.

ग्लॉक २० हातात घेतल्यावर मेहुण्याचा चेहरा खुलला, आणि खोटं कशाला बोलू, मलाही आवडलं. रिकामं असताना नऊशे ग्रॅमहून कमी वजन, १५ गोळ्या, नळीखाली बॅटरी लावायला खाचा. दहा मिलिमीटरचा इतिहासही मजेचा आहे. १९८३ मध्ये हे काडतूस बाजारात आलं. १९८६ मध्ये मायामीत दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीनंतर एफबीआयने ते उचललं, मग त्यांनाच त्याचा धक्का जड जायला लागला आणि हलकं करता करता १९९० मध्ये .४० कॅलिबरचं काडतूस जन्माला आलं. एफबीआयला जड गेलेलं काडतूस शिकाऱ्यांनी मात्र आनंदाने ठेवून घेतलं.

माझं घोडं अडलं ते दोन गोष्टींवर. डुकरासाठी पोकळ टोकाची, आत जाऊन फुलणारी गोळी उपयोगाची नाही; ती ढालीतच फुलून थांबायची भीती. हवी ती कडक ओतीव शिशाची, सपाट टोकाची, सरळ आरपार घुसणारी. आणि ग्लॉकच्या मूळ नळीत उघड्या शिशाची गोळी वापरू नका असं कंपनीच सांगते. वेगळी नळी विकत मिळते, तांब्याचं कवच असलेल्या जाड गोळ्याही मिळतात, सगळं मान्य. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. डुक्कर अंगावर आलंच तर पिस्तूल त्याच्या अंगाला टेकवूनच चालवावं लागेल, आणि ऑटोमॅटिक पिस्तुलाची नळी जोरात दाबली गेली की स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे सरकते आणि बार निघतच नाही. रिव्हॉल्व्हरला ही अडचण नाही. चाप ओढा, बार निघतो.

म्हणून माझा कौल .३५७ मॅग्नमला. रुगर जीपी-१०० रिव्हॉल्व्हर, चार इंची नळी, सहा गोळ्या, वजन सव्वा किलोच्या आत. दहा ग्रॅमची गोळी, धक्का सोसण्याजोगा. शिवाय त्याच हत्यारात .३८ स्पेशलची स्वस्त, मऊ काडतुसं चालतात, म्हणजे सराव होतो. सराव नसलेल्या माणसाच्या कमरेचं .४४ म्हणजे नुसतं ओझं.

सॅन अँटोनियोच्या दक्षिणेला आय-थर्टी फाइव्ह महामार्गावर लागलं की झाडं बुटकी होत जातात. कोटुला हे न्यूएसेस नदीकाठचं छोटं गाव. लिंडन जॉन्सन राष्ट्राध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधी, १९२८-२९ मध्ये, इथल्या शाळेत मास्तर होते. आता रस्त्यावर तेलाच्या धंद्यातले ट्रक धावत असतात. त्यांच्यापलीकडे रान सुरू होतं आणि ते रान बघून मी चाट पडलो. मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण, फड्या निवडुंगाची बेटं, मधूनमधून देवबाभूळसुद्धा. सिंधुदुर्गातला मी, पण देशावर आल्यासारखं वाटलं. या काट्यात बुलडोझरने सरळ पट्टे पाडलेले असतात, त्यांना सेंडेरो म्हणतात. शिकार पट्ट्यावर होते, भानगड पट्ट्याबाहेर.

आम्ही ज्या रँचवर शिकारीला गेलो तिथला कारभारी साठीचा, मूळ मेक्सिकन घराण्यातला. आमची चर्चा त्याने शांतपणे ऐकली आणि छातीवरच्या चामडी होल्स्टरातून स्वतःचं हत्यार काढून दाखवलं. तेही .३५७, रंग उडालेलं, मूठ घासून गुळगुळीत. "कमरेला लावलं तर गाडीत पट्टा अडतो, मचाणात खुर्ची अडते, झुडपात काटे अडतात. छातीवर ठेवा." इतका वेळ आम्ही कॅलिबरवर डोकं फोडत होतो, होल्स्टरचा विचार कुणीच केला नव्हता.

संध्याकाळी डुकरांना मका टाकणाऱ्या फीडरसमोर बसलो. आधी आले हॅव्हेलिना, डुकरासारखेच दिसणारे प्राणी. गळ्याभोवती फिकट पट्टा, शेपूट दिसत नाही. मेहुण्याने रायफल उचलली तशी कारभाऱ्याने हात आडवा धरला. ते डुक्कर नव्हे. त्याला हंगाम आहे, मर्यादा आहे, परवाना आहे. रानडुकरांना यातलं काहीच नाही. स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरं सुटली, १९३० च्या दशकात शिकारीसाठी आणलेली युरोपी रानडुकरं त्यांच्यात मिसळली, आणि आता एकट्या टेक्ससमध्ये ती २५ लाखांच्या वर धरली जातात.

अंधारताना कळप आला. मेहुण्याच्या रायफलीचा बार झाला, मोठा नर कोलमडला, उठला आणि उजवीकडच्या काट्यात गेला. कारभारी म्हणाला, "घाई नको. पडू द्या त्याला." अर्धा तास आम्ही नुसते बसून.

मग आत शिरलो. चार पावलांतच रायफलीची नळी मेस्किटच्या फांदीत अडकली, तेव्हा दुसऱ्या हत्याराचं कारण कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही. डोक्यावरच्या बॅटरीचा झोत, खाली रक्ताचे थेंब, पुढे कारभारी. हरणाचे डोळे उजेडात चमकतात, डुकराचे तसे चमकत नाहीत, त्यामुळे आधी ऐकू आला तो दातांचा करकर आवाज. निवडुंगाच्या आडोशाला नर मागचे पाय टेकून बसला होता, दोन-तीन पावलांवर. तो पुढे झेपावायच्या आत कारभाऱ्याने कानाखाली गोळी घातली. एवढ्या जवळून .३५७ चा आवाज म्हणजे पुढचे दहा मिनिटं सगळे खुणांनी बोलत होते.

इथे मेहुण्याचा मुद्दा मला मान्य करावाच लागला. नळीखाली बॅटरी असती तर झोत आणि नेम एकाच ठिकाणी राहिला असता. माझ्या रुगरला ती सोय नाही.

चामडी सोलताना हातमोजे सक्तीचे, कारण या डुकरांत ब्रुसेलोसिस असतो, माणसालाही लागणारा रोग. खांद्यावर सुरी टाकल्यावर ढाल दिसली: पांढरट, रबरासारखी चिवट, बोटभर जाड. तिच्यात कधीकाळच्या छऱ्याचा एक दाणा रुतून बसलेला, भोवती मांस नीट भरून आलेलं. कुणीतरी पूर्वी प्रयत्न केला होता आणि तो डुकराला जाणवलाही नसेल.

आमच्या गावी काकांकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, आणि डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी वेगळी. एक बार काढला की पुन्हा ठासेपर्यंत झाडावर चढायचं, हीच त्यांची पाठराखण. फोटो पाठवले तर त्यांचा पहिला प्रश्न, "मटण कोणी नेलं?"

परतल्यावर मी जीपी-१०० घेतलं, सोबत छातीवरचं होल्स्टर आणि ओतीव शिशाच्या गोळ्यांची दोन खोकी. मेहुण्याने ग्लॉक २० साठी दुकानात फॉर्म भरला, परवान्याची प्रत जोडली आणि बाहेर पडता पडता बॅटरीची किंमत विचारून घेतली.