मीटर कुणाच्या नावावर?

सोलापूरच्या पूर्वभागात आमची संस्था छतावरच्या सोलरची माहिती द्यायला वस्तीसभा घेते. एप्रिलमधल्या अशाच एका सभेत पुढच्या खुर्च्यांवर यंत्रमागवाले बसले होते, मागे सतरंजीवर विडी वळणाऱ्या बाया. पत्र्याखाली जीव नकोसा झाला होता.

मी पीएम सूर्यघर योजना सांगत होते. ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान; वीजजोडणी ज्याच्या नावावर, अर्ज त्याचाच. तेवढ्यात एक जण म्हणाला, "फुकटच्या विजेसाठी प्लेटा बसवल्या तर लोक म्हणतील, गड्याची बिल भरायची ऐपत संपली." बऱ्याच माना डोलल्या. कारा डॅगेट या अभ्यासिकेने २०१८मध्ये अमेरिकेतल्या राजकारणाबद्दल लिहिताना खनिज इंधन आणि पुरुषी वर्चस्वाची गाठ दाखवली होती. तिथलं राजकारण वेगळं, पण ऊर्जेत मर्दानगी शोधणं मला इथेही दिसलं.

मग मागून एक अक्का उठल्या.

"ताई, पंखा लावला की तंबाखू उडते. उन्हाळाभर आम्ही पंखा बंद करून विड्या वळतो. शेजारच्या खोलीत माग दिवसभर चालतात. वीज कुणाला आन् ऊन कुणाला, ते लिवून घ्या की."

शहराजवळ फताटेवाडीला कोळशावरचा १,३२० मेगावॉटचा प्रकल्प आहे. अक्कांचा प्रश्न विजेच्या तुटवड्याचा नव्हताच. छतावर सोलर आलं तरी त्यांचा पंखा बंदच राहणार. त्यांना हवा होता थंड पत्रा, निदान वरून पांढरा रंग. मी सांगत होते त्या योजनेत त्याला पैसे नाहीत, कारण ती किलोवॉट मोजते. घामाचं माप तिच्याकडे नाही.

दारात एक तृतीयपंथी ताई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाया आल्या की गॅसचं बोलता, गडी आले की मीटरचं. मी भाड्यानं राहते. मालक युनिटला मनाला येईल तो दर लावतो. भांडले तर खोली जाईल, आन् मला दुसरी कोण देणार?"

सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या ओळखीला २०१४मध्ये मान्यता दिली. पण खोली मिळत नाही म्हणून महाग वीज मुकाट्याने घ्यावी लागते, हा हवामानाच्या धोरणाचाही प्रश्न आहे असं मला त्या दिवशी पहिल्यांदा लख्ख दिसलं. छत ज्याचं, त्याच्याशीच आपण बोलतो.

महापालिकेला द्यायच्या निवेदनात आता सोलरच्या मागणीच्याही आधी दोन मागण्या आहेत: विडी कामगारांच्या घरांचे पत्रे उन्हाळ्याआधी सरकारी खर्चाने रंगवा, आणि भाडेकरूकडून बिलातल्या दरापेक्षा जास्त पैसे घेणाऱ्या घरमालकाविरुद्ध नाव न सांगता तक्रार करता येईल अशी सोय करा. दुसरी मागणी "विषयाबाहेरची" म्हणून काढा, असं आमच्यातलेच काही जण म्हणतात. मी ती काढणार नाही.