तुम्ही विचारलंत म्हणून: कॅम बदलताना टॅपेट जुनेच ठेवावेत का? (कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्यासाठी फिरणारा, उंचवटा असलेला भाग; टॅपेट म्हणजे त्यावर टेकून ती उचल पुढे व्हॉल्व्हकडे पोचवणारा भाग.)

इंदूरमध्ये रामबागेजवळ मी बुलेटची इंजिने उघडतो, तिथे हा प्रश्न वारंवार येतो. विचारणारे बहुतेक तरुण मांडूला किंवा भेरूघाटाकडे जाणारे असतात. चढावर जास्त पिकअप मिळावा म्हणून त्यांनी जास्त लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह अधिक उघडणारा, कॅम मागवलेला असतो आणि खर्च तिथेच संपलेला असतो. मग ते विचारतात, "काका, टॅपेट जुनेच चालतील ना?" माझे उत्तर असे की नवे टॅपेट घ्यावेत, आणि पैसे आज पुरत नसतील तर कॅमचे काम पुढे ढकलावे, पण दोन्ही एकत्रच बसवावेत.

जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बाबतीत तर यात चर्चेला जागाच नाही. तिथे टॅपेटचे सपाट तोंड थेट कॅमच्या उंचवट्यावर घासते आणि दोन्ही पृष्ठभाग एकमेकांच्या झिजेशी जुळवून घेतात. त्या झिजलेल्या तोंडाखाली नवा कॅम घातला की सगळा दाब काही थोड्या ठिकाणी एकवटतो, आणि महागाचा कॅम काही दिवसांत खरवडून निघू शकतो.

२००९ पासून काही वर्षे रॉयल एनफील्डच्या क्लासिकमध्ये असलेल्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात असलेल्या) इंजिनाचे उत्तर थोडे वेगळे आहे. त्यात हायड्रॉलिक, म्हणजे आतल्या तेलाने फट आपोआप भरून काढणारे, टॅपेट असून त्यांच्या टोकाला रोलर असतो. रोलर घासत नाही, फिरतो, त्यामुळे "जुने चालतात" असे म्हणणारे मेकॅनिक अगदी चुकीचे बोलत नाहीत. पण हा रोलर बारीक सुयांच्या बेअरिंगवर फिरतो, आणि ते बेअरिंग आतून किती थकले आहे हे बाहेरून नीटसे कळत नाही. बोटाने फिरवून खरखर जाणवली किंवा रोलर हलला तर तो टॅपेट बाद, हे नक्की. मात्र काहीच जाणवले नाही म्हणून तो चांगला आहे असे सिद्ध होत नाही. याच इंजिनाची कमाल शक्ती ५२५० आरपीएमला मिळते. कॅम क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे त्या वेगाला प्रत्येक टॅपेट सेकंदाला सुमारे ४४ वेळा उचलला जातो. नव्या कॅमचा चढ अधिक उभा असतो आणि त्याच्यासोबत बहुधा अधिक कडक स्प्रिंगही बसवली जाते. हा सगळा वाढीव भार त्या सुयांवर येतो.

बेअरिंग फुटले तर नुकसान टॅपेटपुरते थांबत नाही, याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. यूसीईमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच यांचे तेल एकच असते. पोलादाचे कण त्या तेलाबरोबर फिरू लागले की दुरुस्तीचा आकडा टॅपेटच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. उलट कॅम काढताना टायमिंग कव्हर, पुशरॉड (टॅपेटची उचल वर नेणारी दांडी), रॉकर (ती उचल व्हॉल्व्हवर दाबणारा भाग) हे सगळे उघडलेलेच असते, त्यामुळे त्याच वेळी टॅपेट बदलण्याची जास्तीची मजुरी नगण्य असते.

आणखी एक गोष्ट फार थोडे जण पाहतात. जास्त लिफ्ट मिळवण्यासाठी काही कॅमचा मूळ गोल भाग घासून लहान केलेला असतो, त्यामुळे टॅपेट थोडा खाली बसतो, आणि त्याच्या आतला प्लंजर (तेलावर सरकणारा दट्ट्या) जितका दाबला जायला हवा तितका दाबला जात नाही. अशा वेळी मूळ लांबीचे पुशरॉड ठेवले तर नवे टॅपेट घालूनही टकटक राहते आणि दोष विनाकारण टॅपेटला लागतो. म्हणून कॅम विकणाऱ्याने पुशरॉडबद्दल काय सांगितले आहे ते आधी वाचावे. टॅपेट ज्या भोकात वरखाली होतो, ते भोकही मोजून घ्यावे; ते झिजले असेल तर नव्या टॅपेटने काहीच सुधारत नाही.

तोच मूळ कॅम परत बसणार असेल, गाडी कमी चाललेली असेल आणि रोलर निर्दोष असतील, तर मी स्वतः जुने टॅपेट परत घालतो, पण प्रत्येकावर खूण करून, आपापल्या जागीच.

नवे टॅपेट तेल भरून बसवले की क्रँक लगेच फिरवू नये. भरलेला टॅपेट आतले जादा तेल सोडेपर्यंत व्हॉल्व्ह थोडा उघडा राहतो, आणि जास्त लिफ्टच्या कॅमबरोबर तो पिस्टनला लागू शकतो. पुशरॉड बोटांनी सहज फिरू लागेपर्यंत थांबावे. त्यानंतर पहिले तेल पाचशे किलोमीटरच्या आत काढावे, आणि फिल्टर फेकण्याआधी त्याच्या घड्या उघडून चमकणारे कण दिसतात का ते उजेडात पाहावे.