आमची वाटचाल : वहीतले नऊ मिलिमीटर

पहिलं धनुष्य मी स्वतःसाठी केलं. सुटा होणारा टेकडाउन लाँगबो, म्हणजे लांब, साध्या आकाराचं धनुष्य. मधे लाकडी मूठ आणि तिला बोल्टनं बसणारी दोन पाती. पात्यात मेपलच्या तीन पट्ट्या, पाठीला (लक्ष्याकडची बाजू) आणि पोटाला (नेमबाजाकडची बाजू) प्रत्येकी १ मिलिमीटर फायबरग्लास, आम्ही त्याला नुसतं काच म्हणतो. दोरी २८ इंच खेचल्यावर वजनकाटा ४५ पौंडांवर थांबला. ही धनुष्याची ओढ, म्हणजे ते खेचायला लागणारं बळ. पात्याच्या बुडाशी, म्हणजे मुठीजवळ, जाडी ९ मिलिमीटर भरली. तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आणि त्याच भरवशावर ताईनं आणि मी ऑर्डर घ्यायला सुरुवात केली.

पहिल्या ग्राहक बाईंनाही ४५ पौंडच हवे होते. पट्ट्या एकावर एक ठेवून काचेसकट बरोबर ९ मिलिमीटर भरतील इतक्या घासल्या, एपॉक्सी हा गोंद लावून साच्यात दाबल्या. धनुष्य काट्यावर चढवलं तर ५१ पौंड! बाईंना ते शेवटपर्यंत खेचताच येईना. त्यांचा उतरलेला चेहरा मला आजही आठवतो.

मी लाकडाला दोष देत बसलो, हा गठ्ठाच कडक आला म्हणून. ताईनं मात्र तयार पातं मोजलं. जाडी ९.४. वहीतले ९ हे चिकटवून तयार झालेल्या पात्याचे होते आणि आम्ही कोरड्या पट्ट्या ९ च्या घेतल्या होत्या. पाच थरांच्या मधे एपॉक्सीचे चार थर, प्रत्येकी साधारण ०.१ मिलिमीटर. ते हिशेबात धरलेच नव्हते.

एवढ्याशा फरकानं सहा पौंड कसे वाढतात? ताठपणा जाडीच्या घनानुसार वाढतो. जाडी दुप्पट केली तर पातं आठपट ताठ होतं. जाडीत १ टक्का वाढ म्हणजे ओढीत जवळपास ३ टक्के. रुंदीचं तसं नाही, तिथे १ टक्क्याला १ टक्काच. लाकडाचा वाटाही मी समजत होतो त्यापेक्षा कमी निघाला. काच मेपलच्या साधारण तिप्पट ताठ आणि शिवाय सगळ्यात बाहेरच्या बाजूला, त्यामुळे आमच्या रचनेत बुडाशी सुमारे तीन चतुर्थांश ताठपणा तिचाच. मधल्या लाकडाचं मोठं काम म्हणजे दोन काचांमधलं अंतर राखणं. म्हणून लाकडाच्या जातीपेक्षा त्याची जाडी जास्त बोलते.

५१ वरून ४५ वर यायला ३८ मिलिमीटरची रुंदी साडेतेहतीसपर्यंत घासावी लागली असती. इतकं अरुंद पातं पिळलं जाण्याची भीती, आणि काचेचा पृष्ठभाग घासून जाडी कमी करणं मला मान्य नाही. भार तिच्यावरच असतो. मूठ तीच ठेवली आणि पाती नवी केली. टेकडाउन रचनेचं मोल मला त्या दिवशी खऱ्या अर्थानं कळलं.

तेव्हापासून वहीला रकाने पडले: धनुष्याची लांबी, रुंदी, काच, कोरडी जाडी, चिकटवल्यावरची जाडी, २८ इंचांवरची ओढ. लांबीचा रकाना ताईच्या आग्रहानं आला. तीच जाडी आखूड धनुष्यात घातली की ओढ वाढते. जाडी कुठे मोजली, हेही लिहितो. आमच्या पट्ट्या टोकाकडे दर १० सेंटीमीटरला ०.२ मिलिमीटर निमुळत्या होत जातात, त्यामुळे जाडी मोजायचा कॅलिपर ५ सेंटीमीटर सरकला तरी हिशेब ३ टक्क्यांनी चुकतो. दोन्ही पात्यांच्या पट्ट्या एकाच फळीतून काढून जोडीनंच घासतो. नाहीतर एक पातं ताठ, दुसरं मऊ, आणि तोल साधता साधता दिवस जातो.

आता ४५ पौंड मागितले की आम्ही ४८ धरून जाडी ठरवतो. कडा गोल करताना, वाक सारखा करताना दोन-तीन पौंड उतरतातच, आणि उतरलेले पौंड परत चढवता येत नाहीत.

त्या बाईंनी पुढे त्याच मुठीसाठी ३८ पौंडांची दुसरी जोडी करून घेतली, जास्त वेळ चालणाऱ्या सरावासाठी. ती आमच्या वहीतली पहिली नोंद, जिथे ठरवलेली ओढ आणि काट्यावरची ओढ तंतोतंत जुळली.